जीपचा मागचा दिवा

मला लाल रंग चांगला जमायचा. हे फुशारकीने सांगत नाही. फुशारकी मारण्यासारखं पुढे त्यात काही उरलं नाही. पण जमायचा. माहेरी आर्वीला आमच्या घराची दारं पॉलिश करायला एक सुतार यायचा. तो चपडी, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, स्पिरिटमध्ये भिजत घालायचा आणि दुसऱ्या दिवशी ते मधासारखं पाणी कापसाच्या बोळ्याने दारावर फिरवायचा. मी त्याच्या मागेमागे असायची. त्याच पाण्यात कपडे रंगवायच्या रंगाची पुडी टाकली तर काचेवरही रंग धरतो, हे मी त्याच्याकडूनच शिकले. गणपतीच्या आराशीचे बल्ब मी तसे रंगवायची. लाल, हिरवे, निळे. साठ वॅटचा बल्ब लावला की सगळी खोली लाल व्हायची आणि आई म्हणायची, आता बस, डोळे दुखतात.

लग्न होऊन समुद्रपूरला आले तेव्हा ही विद्या हुंड्यात आल्यासारखी सोबत आली. नवरा प्राथमिक शाळेत मास्तर होता, रोज सायकलने शेजारच्या खेड्यात जायचा. घरी सासूबाई, थोडी कापसाची शेती, आणि धाकटे दीर. पहिल्याच वर्षी मी गणेश मंडळाचे बल्ब रंगवून दिले आणि गावात "मास्तराच्या बायकोचे बल्ब" प्रसिद्ध झाले. सासूबाईंना ते फारसं आवडलं नाही. सून घरात स्पिरिटचा वास करते, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, आणि सांगताना बल्ब कुठे लावलेत तेही सांगायच्या.

भाऊजींची, म्हणजे माझ्या दिरांची, एक जीप होती. लिलावातून घेतलेली, कुणाच्या हाताखालून किती वर्षं गेलेली ते कुणालाच ठाऊक नाही. ते समुद्रपूर ते हिंगणघाट सवाऱ्या नेत. एसटीची गाडी चुकली की लोक त्यांच्या जीपची वाट बघत. भाऊजी तेव्हा सव्वीस वर्षांचे. बोलायला मोकळे, गाडीवर जीव. त्यांचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आष्टीच्या एका मुलीशी झालेलं होतं आणि वैशाखात लग्न धरलं होतं. मुलगी मी पाहून आले होते. हसरी होती, आणि पोहे देताना तिचा हात अजिबात थरथरला नाही, हे मला आवडलं होतं.

सत्तरच्या दशकातली ती शेवटची वर्षं. कार्तिक महिना, कापसाचे दिवस. आठवडी बाजारात जीप उभी असताना एका बैलाने मान झटकली आणि त्याचं शिंग जीपच्या मागच्या दिव्यात गेलं. उजव्या बाजूचा तो एकच दिवा चालू होता; डावा नावालाच होता, त्याची वायर कधीच तुटलेली. लाल काच फुटली. बल्ब शाबूत राहिला. दोन दिवस भाऊजी तसेच फिरले. मग हिंगणघाटच्या नाक्यावर एका जमादाराने अडवलं आणि म्हणाला, मागे पांढरा दिवा लावून फिरतोस, येणाऱ्याने गाडी येते समजायची की जाते? लाल करून घे, नाहीतर गाडी ठाण्यात लावतो.

नवी काच नागपूरला मिळायची, आणि त्या जुन्या बनावटीची मिळेलच अशी खात्री नव्हती. भाऊजींनी पहिल्यांदा लाल जिलेटिनचा कागद दोऱ्याने बांधला. तो धुळीने आणि वाऱ्याने दुसऱ्या दिवशी फाटला. मग त्यांना सुचलं की मोठ्या टॉर्चची गोल काच त्या दिव्यात बरोब्बर बसते. दोन काचा घेऊन आले आणि ओट्यावर माझ्यासमोर ठेवल्या.

"वहिनी, लाल करून द्या. तुमच्या हातचा लाल हिंगणघाटात फिरू द्या."

दोन कशाला, मी विचारलं. एक फुटली तर दुसरी, ते म्हणाले.

मी खूश झाले होते. संसारात बाईच्या कामाचं कौतुक करायला कुणी बसलेलं नसतं. पोळी बरी झाली तर जेवून उठतात, बिघडली तर सांगतात. इथे एक माणूस माझं काम गाडीला लावून गावोगाव नेणार होता. मी चपडी रात्रभर भिजवली, गाळून घेतली, पुडीतला लाल रंग त्यात विरघळवला. काचा राखेने घासून, धुऊन, उन्हात वाळवल्या. एक हात दिला. सुकला. भाऊजी जेवायला आले तेव्हा त्यांना दाखवला.

"हा तं गुलाबी झाला," ते म्हणाले. "लोक म्हणतीन वरातीची गाडी आली."

सासूबाई हसल्या. मीही हसले, पण मला लागलं ते. दुसऱ्या दिवशी दुसरा हात दिला. मग काच जरा तांबडी दिसायला लागली, पण मला हवा होता तो भरीव, ठसठशीत लाल येईना. पुडीतला रंग संपला होता. मी देवघरातल्या करंड्यातलं चिमूटभर कुंकू घेतलं, उरलेल्या चपडीत घोटलं आणि तिसरा हात त्याचा दिला. काय रंग आला तो. दोन्ही काचा उन्हात वाळत ठेवल्या होत्या आणि शेजारणी येऊन बघून गेल्या.

कुंकू विरघळत नाही. ते पूड म्हणूनच राहतं, काचेवर बसतं आणि काच बुजवतं. हे सुताराने मला कधी सांगितलं नव्हतं, कारण सुतार काचेवर कुंकू लावत नाहीत. मी रंग तपासला नाही असं नाही. काच उचलून सूर्यासमोर धरली होती. मधोमध लालबुंद गोळा दिसला. आमच्याकडच्या दुपारच्या उन्हासमोर स्वतःचा अंगठा धरला तरी तो लाल दिसतो, पण तेव्हा हे कुणाच्या डोक्यात येतं?

काच बसवली तीही दुपारीच. भाऊजींनी बरणीच्या झाकणाचा रबर कापून काचेभोवती लावला, चौकटीत दाबून बसवला आणि पुढे जाऊन सीटवर बसले. मला म्हणाले, मागं उभ्या राहा. त्यांनी बटण दाबलं.

"लागला का?"

काच लाल दिसत होती. ऊन तिच्यावर पडलेलं होतं. बटण दाबायच्या आधीही ती तितकीच लाल होती, हे मला आता कळतं. तेव्हा मला माझा रंग दिसला, आणि मी म्हटलं, "लागला."

पुढचे दोन दिवस ते उजेड असतानाच घरी आले. तिसऱ्या दिवशी हिंगणघाटच्या कापूस बाजारात गाड्यांची रांग लागली होती, त्यांना सवाऱ्या मिळायला उशीर झाला. सवाऱ्या वाटेतल्या गावांत उतरवून ते रिकामी जीप घेऊन समुद्रपूरकडे येत होते. दिवेलागण होऊन गेली होती. एका नाल्याच्या अलीकडे त्यांनी जीप कडेला उभी केली, खाली उतरले, मागच्या बाजूला गेले. मागून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक आला.

ही बातमी एसटीच्या कंडक्टरने स्टँडवर सांगितली, तिथून ती आमच्या घरी आली. नवरा धावत गेला. सासूबाईंनी ओट्यावर बसून छाती पिटली. मी चूल विझवली, कढीचं पातेलं उतरवून झाकलं आणि दाराशी उभी राहिले. मला तेव्हा काही वाटत नव्हतं. लिहायला लाज वाटते, पण खरं सांगायचं तर कढीला फोडणी द्यायची राहिली, एवढंच डोक्यात येत होतं.

वर्ध्याच्या दवाखान्यात उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन एसटीने गेले. भाऊजी डोळे मिटून पडले होते. पायावरची चादर एका बाजूला सपाट होती. मी डबा ठेवला आणि बाकावर बसले. त्यांनी डोळे उघडले, मला पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही काऊन आल्या इतक्या दूर?" मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही.

त्याच दिवशी तो ट्रकवाला आला. पंजाबकडचा की उत्तरेतला, उंच माणूस, डोक्याला पट्टी. गावकऱ्यांनी त्याला जागेवरच मारलं होतं. तो व्हरांड्यात सासूबाईंसमोर हात जोडून उभा राहिला.

"माँजी, कसम से, पीछे बत्ती नहीं थी."

सासूबाई उठल्या. "चाल, निंघ इथून," त्या म्हणाल्या. "पोराचा पाय खाल्ला अन् वरून खोटं बोलून राह्यला. त्या दिव्याले माह्या सुनेनं तीन दिवस घासलं आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. आतून भाऊजींचा आवाज आला, "जाऊ दे त्याले, आई." तो गेला. मला वाटलं, भाऊजी दमलेत, भांडण नको म्हणून म्हणताहेत.

पण तो माणूस खोटं बोलल्यासारखा वाटला नव्हता. चौथ्या दिवशी सासूबाई दवाखान्यात होत्या, नवरा पोलिसांकडे गेला होता, घरात मी एकटी. मी फडताळातून दुसरी काच काढली. मधली खोली बंद करून अंधार केला, नवऱ्याचा टॉर्च लावला आणि त्याच्यासमोर काच धरली. काही नाही. काचेच्या कडेने, जिथे रंग नीट बसला नव्हता तिथे, केसाएवढी तांबूस रेघ. मधे काळं. टॉर्च पुढेमागे करून पाहिला. मग तीच काच खिडकीच्या उन्हात नेली, तर लाल. पुन्हा अंधारात आणली, काळी. असं तीन-चारदा केलं. टॉर्चचा बल्ब काय आणि गाडीच्या मागचा बल्ब काय, दोन्ही शेंगदाण्याएवढे. त्यांच्याकडून साठच्या बल्बचं काम होणार नव्हतं. मी पदरात काच गुंडाळून परसात गेले आणि उकिरड्याच्या तळाशी पुरली. वरून शेण टाकलं. मग हात धुऊन ज्वारी निवडायला बसले.

संध्याकाळी नवरा पंचनामा बघून आला. मी विचारलं, दिव्याचं काय लिहिलं? म्हणाला, मागचे दोन्ही दिवे फुटलेले, एवढंच. चुरा झाला होता सगळा. मला सुटल्यासारखं झालं. हे मी कुणालाच कधी सांगितलेलं नाही. माझ्या दिराचा पाय तुटला होता आणि काचेचा चुरा झाला याचं मला बरं वाटलं.

त्यानंतर मला बरीच वर्षं धड बरं वाटलं नाही आणि धड वाईटही वाटलं नाही. हात चालत. सकाळी सडा, चहा, नवऱ्याचा डबा, भाऊजींच्या पायाची मलमपट्टी. जखम मी धुवायची. सासूबाईंना ते पाहवत नव्हतं. मी रोज पाहायची आणि रोज मनात म्हणायची की आज सांगू. जखम भरली, टाके सुकले, कुबड्या आल्या. मी सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं की तोंडातून निघायचं, "दूध घेता का थोडं?"

मधल्या काळात दुसरंच एक सुरू झालं. पोलिसांनी भाऊजींचा जबाब घेतला. नाल्यापाशी का थांबला, मागे काय करत होता? भाऊजी म्हणाले, सामानाची दोरी सैल झाली होती, ती आवळत होतो. ट्रकवाल्यावर केस करायची का? नाही. सासूबाईंनी डोकं आपटलं, नवरा समजावून थकला, पण त्यांचा एकच हेका. "त्याची चूक नाई. केस करायची नाई."

ज्याचा पाय गेला तो केस करत नाही म्हटल्यावर गावाने आपला हिशेब मांडला. सवाऱ्या तर आधीच उतरल्या होत्या, मग सामान कुणाचं? ट्रकच्या आधी एक सायकलवाला तिथून गेला होता. त्याने भाऊजींना जीपच्या मागे, रस्त्यावर, उकिडवं बसलेलं पाहिलं होतं. झालं. पिऊन होता, ओकायला उतरला होता. पंधरा दिवसांत समुद्रपुरात लहान पोरालाही हे ठाऊक झालं. ज्या माणसाने कधी सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, त्याला लोक बेवडा म्हणू लागले, आणि तो ओट्यावर कुबड्या टेकून बसून सगळं ऐकायचा.

पौषात आष्टीची मंडळी आली. मुलीचे वडील आणि काका. वडील भला माणूस. पायाबद्दल त्यांनी कुरकुर केली नाही. म्हणाले, अपघात कुणालाही होतो, माझी मुलगी तयार आहे. फक्त मला एक गोष्ट तुमच्या तोंडून ऐकायची आहे. मी चहाचं तबक घेऊन दारात पोहोचले होते.

"बापू, गाडीच्या मागं तुम्ही काय करून राह्यले होते?"

"दोरी आवळून राह्यलो होतो."

"सामान तं नव्हतं म्हणतात."

भाऊजींनी मान वर केली. मला वाटलं, ते आता चिडतील, शपथ घेतील, ओरडतील. त्यांनी माझ्या हातातल्या तबकाकडे पाहिलं.

"होतं थोडं," ते म्हणाले.

मी तबक खाली ठेवलं आणि एकेकाला चहा दिला. त्या एका क्षणात मी बोलले असते तर? भाऊजी का उतरले होते ते मला ठाऊक नव्हतं, पण ट्रकवाल्याला दिवा का दिसला नाही ते ठाऊक होतं. तेवढं सांगितलं असतं तरी त्या सज्जन माणसाला विचार करायला काहीतरी मिळालं असतं. मी कपबश्या गोळा केल्या. मंडळी निघाली. पुढच्या आठवड्यात त्यांनी साक्षगंधाचं लुगडं परत पाठवलं. मुलीचं त्याच वैशाखात दुसरीकडे लग्न झालं.

जीप भंगारात गेली. भाऊजींनी नागपूरला जाऊन जयपूरचा पाय बसवून घेतला आणि घराच्या पुढच्या खोलीत पिठाची चक्की टाकली. चक्कीला पायांपेक्षा हात लागतात. सुरुवातीला लोक दुसऱ्या चक्कीवर जात, बेवड्याकडे कशाला म्हणून. मग दळण बारीक येतं म्हणून यायला लागले. वर्षं गेली. मला दोन मुली झाल्या, त्या भाऊजींच्या अंगाखांद्यावर वाढल्या. घरात टीव्ही आला. भाऊजींना स्थळं मात्र फारशी आली नाहीत. दोन-तीन आली ती चौकशी करून परत गेली. मी पुन्हा कधी बल्ब रंगवले नाहीत. गणपतीच्या दिवसांत मंडळाची पोरं यायची, मी म्हणायची, आता डोळ्यांना दिसत नाही. मला चांगलं दिसत होतं.

भाऊजी जेवायला बसले की मी त्यांना पहिली भाकर वाढायची. नवऱ्याच्या आधी. सासूबाई एकदा त्यावरून बोलल्याही. मला वाटायचं, हे मी भरपाई म्हणून करते आहे, आणि मग वाटायचं की भाकरीने कसली भरपाई होते. पण वाढायची. तव्यावरून उतरलेली, फुगलेली, तीच त्यांना.

अपघाताला अकरा वर्षं झाली तेव्हा सासूबाई गेल्या. शेवटच्या दिवसांत त्यांना फारसं काही आठवत नव्हतं, पण ट्रकवाला आठवायचा. खाटेवर पडून त्या त्याला शिव्या द्यायच्या, त्याच्या लेकराबाळांसकट. आणि मधेच माझा हात धरून म्हणायच्या, तू किती घासलं होतंस त्या काचेले. मी म्हणायची, हो.

तेरवी झाली. पाहुणे गेले. नवरा शाळेत, मुली शाळेत. मी गहू घेऊन पुढच्या खोलीत गेले. भाऊजींनी दळण टाकलं आणि अर्ध्यातच लाइन गेली. पट्टा फिरत फिरत थांबला. एवढ्या वर्षांत त्या खोलीत इतकी शांतता मी ऐकली नव्हती. ते कुंचा घेऊन चौथऱ्यावरचं पीठ झाडायला लागले. मी स्टुलावर बसले होते. सासूबाई नव्हत्या, आता कुणाला धक्का बसायचा राहिला नव्हता, असा काहीसा विचार असेल. की नुसतीच तोंडाची कुलपं गंजून पडली, सांगता येत नाही.

"भाऊजी," मी म्हटलं, "त्या काचेतून उजेड येत नव्हता."

कुंचा थांबला.

"कोण सांगतलं तुमाले?" त्यांनी विचारलं. आवाजात भीती होती. कुणीतरी मला काहीतरी सांगितलं याची भीती.

"कोणी नाई. मीच पाह्यलं. मी कुंकू टाकलं होतं रंगात. तो ट्रकवाला खरं बोलत होता."

त्यांनी कुंचा खाली ठेवला. मग चौथऱ्यावर टेकले, नकली पाय हाताने उचलून सरळ केला.

"मले माहीत होतं," ते म्हणाले. "नाक्यापाशी बैलाचं खासर हाकत येणारा एक जण मागून वरडला, तुह्या गाडीले दिवा नाई. मी उतरून पाह्यलं तं बल्ब जळत होता अन् काच काळी. म्हटलं घरापर्यंत जाऊ. पण मन लागेना. नाल्यापाशी बाजूले लावली अन् पेचकसानं रंग खरडत बसलो."

मला समजायला वेळ लागला. "मंग दोरी?"

"दोरी कुठची?"

बाहेर रस्त्यावरून बैलगाडी गेली. चाकांचा आवाज लांबपर्यंत ऐकू आला.

"काच काढून फेकाची होती," मी म्हटलं.

"फेकली असती तं पुन्हा पांढरा दिवा. अन् घरी आल्यावर तुम्ही विचारलं असतं. म्हटलं वरचा वरचा रंग काढू, लाल दिसन, तुमाले पत्ता लागणार नाई." ते जरासे हसले. "तुम्ही तीन दिवस खपल्या होत्या ना."

मी विचारलं की मग पोलिसांना, गावाला, निदान घरात तरी का नाही सांगितलं. त्यांनी मान हलवली. घरात सांगितलं असतं तर आईने तुम्हाला जगू दिलं नसतं, ते म्हणाले. मग म्हणाले, आईचं सोडा.

"आष्टीवाले आलते तवा तरी सांगाचं होतं, भाऊजी."

"तवा तुम्ही चहा घेऊन तिथंच उभ्या होत्या. कसं सांगू? मले वाटे, तुमाले माहीत पडलं तं तुम्ही विहिरीत उडी घेसान. लोकं बेवडा म्हणत, म्हणू दे म्हटलं. पाय तं गेलाच आहे."

माझे हात मांडीवर होते. बोटांना पीठ लागलं होतं. मी ते पुसत बसले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

"कधी पाह्यलं तुम्ही?" त्यांनी विचारलं.

प्रश्न सहज होता. त्यांना वाटलं असावं, हल्लीच केव्हातरी, सासूबाईंच्या आजारपणात, जुनं काही आवरताना. मी खोटं बोलू शकले असते. अकरा वर्षांत मला त्याची सवय झाली होती. पण त्या दिवशी नाही बोलवलं.

"तुम्ही दवाखान्यात होते तवा," मी म्हटलं. "चवथ्या दिवशी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाहत होते, ते मनात दिवस मोजत होते. चौथा दिवस. त्यानंतर जबाब. त्यानंतर गावातली कुजबुज. त्यानंतर पौष.

"म्हणजे आष्टीवाले आले त्याच्या आंधी," ते म्हणाले.

"हाव."

लाइन आली. पट्टा आवाज करत फिरू लागला आणि उरलेले गहू जात्यात पडायला लागले. ते उठले, पिठाचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. काही बोलले नाहीत. मीही काही बोलले नाही. आम्हा दोघांना त्याची सवय होती, पण त्या दिवसापर्यंत त्यांचं गप्प राहणं माझ्यासाठी होतं आणि माझं गप्प राहणंही माझ्यासाठीच होतं.

पुढच्या सोमवारी त्यांनी चक्कीच्या खोलीत खाट टाकून घेतली. एक स्टोव्ह आणला, दोन पातेली आणली. नवऱ्याने विचारलं तर म्हणाले, गिऱ्हाईक सकाळी लवकर येतं, इथंच बरं पडतं. मुलींशी आधीसारखेच बोलत, त्यांना बाजारातून चिवडा आणत. माझ्याशीही बोलत, दळणाचं, पाण्याचं, कुणी आलं-गेलं त्याचं.

संध्याकाळी मी भाकरी केल्या आणि पहिली ताटात घेऊन त्यांच्या दारात गेले. ते स्टोव्हसमोर बसून कणीक मळत होते. बाईमाणसासारखी नीट मळता येत नव्हती, पाणी जास्त झालं होतं.

"नको, वहिनी," ते म्हणाले. "मी करून घेतो."